खाली बसणारी गाडी

रिटायर झाल्यावर लोक घराले रंग मारतात, दात बसवून घेतात. मी एका राइस मिलवाल्या सेठची वापरून वापरून जुनी झालेली परदेशी गाडी उचलून आणली. काळी, उंच, आत कातडी सीटा. नवी होती तेव्हा तिच्या किमतीत इथल्या महागड्या समता कॉलोनीत फ्लॅट आला असता. मले ती साध्या नव्या गाडीपेक्षा स्वस्त भेटली. काहून स्वस्त, हे सेठनं सांगतलं नाही अन् मीही विचारलं नाही. हौस होती, बापा. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात जन्मभर सायकलवर गेले, मी स्कूटरवर नोकरी काढली. मले एकदा मोठ्या गाडीत बसायचं होतं. बायकोनं बरेच दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

मग एकेक रोग बाहेर पडू लागला. छताची काच गळे, अन् नेमकी सिग्नलवर माझ्याच टकलावर गळे. एकदा सदर बाजारात गाडी घालायची अक्कल सुचली, तिथं गर्दीत बाजूचा आरसा मिटून घेतला, तो पुन्हा उघडलाच नाही. डॅशबोर्डवर कधी पिवळा दिवा, कधी लाल. सामान इथं भेटत नाही, दिल्लीहून मागवा, वाट पाहा, मग चुकीचं येते, परत पाठवा. टाटीबंधकडचा माझा मेकॅनिक बिल देताना इतकं गोड बोलते, की ऐकूनच धडकी भरते. हे सगळं खरं आहे. तरी सकाळी दार उघडून त्या सीटवर बसलो, की मी खुश होतो. खोटं काहून बोलू?

सगळ्यात मोठा रोग म्हणजे गाडी रात्रभरात खाली बसे. साध्या गाडीले स्प्रिंगा असतात, इले रबराचे हवा भरलेले फुगे. फुगे जुने, हवा गळे, अन् सकाळी पाहावं तर चाकं अर्धी आत गेलेली. चावी फिरवली की आतला पंप घरघर करून हवा भरे अन् गाडी हळूहळू उठे. शेजारी फिरायले निघताना विचारत, "भैया, फिर बैठ गई?" बायको म्हणे, घरात दोघं आहेत सकाळी न उठणारे.

पण याच रोगाचा आमच्या आईले फायदा झाला. आई ऐंशीच्या पुढची, दोन्ही गुडघे गेलेले. लहान गाडीत तिले वाकून उतरता येत नाही, ऑटोत चढता येत नाही. उचलून बसवावं म्हटलं, तर ती हात लावू देत नाही. मागं एकदा आंगणात पडली होती, तेव्हा दवाखान्यात दोन माणसांनी तिले पोत्यासारखं उचलून स्ट्रेचरवर टाकलं. लुगडं गुडघ्याच्या वर गेलं, चारचौघात. तेव्हापासून तिनं सांगून ठेवलं आहे, "जिथं माझ्या पायानं जाता येणार नाही, तिथं मले जायचं नाही." अन् आई जे म्हणते ते करते.

तिले जायचं असते एकाच जागी. दर रविवारी, बीरगावच्या बुद्धविहारात. आम्ही पहिले तिकडंच राहत होतो. तिच्या जुन्या मैत्रिणी तिकडं आहेत, भंडारा-गोंदियाकडून लग्न होऊन आलेल्या, तिच्यासारख्याच. वंदना होते, खीर होते, अन् मग ज्या गप्पा चालतात त्यात आठवडाभराचं सगळं येते. ते बंद झालं होतं. ही गाडी आली अन् सुरू झालं, कारण बसलेल्या गाडीची सीट बरोबर आईच्या दिवाणाएवढी उंच यायची. ती पाठमोरी टेकायची, मग एकेक पाय आत घ्यायची. तिची स्वारी आत गेल्याशिवाय मी चावी फिरवायची नाही, असा घरातला कायदा. बीरगावात दाराले धरून ती खाली सरकायची. गप्पा संध्याकाळपर्यंत चालत, तोवर गाडी तिकडंही बसलेली असायची.

या उन्हाळ्यात पंप जळाला. मेकॅनिक म्हणाला, गळक्या फुग्यांत हवा भरून भरून बिचाऱ्याचा जीव गेला. आता एक तर नवे फुगे अन् नवा पंप टाका, नाही तर हे सगळं झेंगट काढून साध्या स्प्रिंगा टाका, खर्च चौथाईही नाही. बंगलोरहून पोरगी फोनवर बोलली. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. म्हणाली, "पापा, स्प्रिंग डलवा दो ना, टेंशन खत्म." मलेही पटलं. स्प्रिंगा टाकून गाडी आणली तर काय रुबाब! सकाळीही ताठ उभी. मी कॉलोनीत दोन चकरा जास्तीच्या मारल्या.

रविवारी आई पांढरं लुगडं नेसून बाहेर आली अन् गाडीपुढं उभी राहिली. सीट तिच्या कमरेच्या वर. तिनं पाठमोरं होऊन टेकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दुसऱ्यांदा दाराले धरून पाय उचलला, तो अर्ध्यातूनच खाली आला. मी हात पुढं केला, तिनं तो बाजूले सारला. म्हणाली, डोकं दुखून राहिलं, आज राहू दे.

पुढच्या रविवारी मी स्टूल आणला. तो डगमगला अन् तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मीच घाबरलो. त्याच्या पुढच्या रविवारी ती नेसलीच नाही. दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडलेली.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "गाडी उठली, पण आई बसल्या. परत हवा टाका." गाडी घेतली म्हणून जिनं अबोला धरला, ती बाई हे म्हणून राहिली होती.

मेकॅनिकले सांगतलं तर तो म्हणाला, चांगल्या स्प्रिंगा काढून परत ते झेंगट? त्याले वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं. मी म्हणालो, फिरलं समज अन् दिल्लीले फोन लाव. सामान यायले पावसाळा निम्मा झाला. आता नवे फुगे गळणार नाहीत, मग गाडी बसणार कशी, हे त्यालेच विचारलं. त्यानं गियरच्या मागचं एक बटन दाखवलं. ते माझ्या काळात कधी चाललंच नव्हतं, मी त्याच्यावर टिशूचा डबा ठेवत होतो.

रविवारी आई दारातच थांबली. गाडी उंच उभी पाहून परत वळायच्या बेतात होती. मी बटन दाबलं. फुस्स करत गाडी तिच्यापुढं खाली आली. आईनं पदर खोचला, पाठमोरी टेकली, एक पाय आत, मग दुसरा. मले डोळे पुसायले लागले, लपवत नाही.

बीरगावात त्या दिवशी गप्पा लांबल्या. परत निघताना आई म्हणाली, "विहाराच्या मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण बी घराबाहेर निघत नाही. तिलेही कोणी उचललेलं चालत नाही. पुढच्या रविवारी तिच्या दारापुढं बसव इले."

मेकॅनिकनं बजावून सांगतलं होतं, ते बटन कमी दाबा, घडीघडी दाबलं तर फुगे लवकर जातील. मी मान हलवून त्याले हव म्हणालो. आता दर रविवारी बीरगावात चार म्हाताऱ्यांच्या दारांपुढं दाबतो.