पाण्याकडे पाठ

गेनूभाऊ नेहमी पाण्याकडे पाठ करून बसायचे. आमच्या फाटकाबाहेर करंजाचं झाड आहे, त्याच्याखाली एक सपाट दगड. समोर डिंभे धरणाचं पाणी पसरलेलं. पुण्याची माणसं पैसे मोजून ते बघायला यायची आणि हा माणूस चपला काढून, रस्त्याकडे तोंड करून तासन्‌तास बसून राहायचा. चहा विचारला की म्हणायचे, "पानी द्या. चहा नगं." आत या म्हटलं की, "हितंच बरं हाये." मला हे पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. खटकून घेणं हा माझा धंदाच होता म्हणा.

एसटीत सव्वीस वर्षं मी तिकीट तपासनीस होतो. गाडीतला प्रत्येक माणूस बिनतिकीट आहे असं धरायचं आणि तो तसा नाही हे त्यानं दाखवायचं, ही माझी कामाची पद्धत. झोपेचं सोंग घेणारे, पोराचं वय चोरणारे, जुनंच तिकीट घडी घालून पुढे करणारे मला चेहऱ्यावरून कळत. निदान मला तसं वाटे. माझी बायको सुनंदा म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाकडे संशयानं बघता." ते काही अगदी खोटं नव्हतं.

गेनूभाऊंची आणि माझी ओळख नारायणगावच्या स्टँडबाहेरची, आणि ती काही गोडीगुलाबीची नव्हती. त्यांची वडाप जीप होती, म्हणजे आमच्या स्टँडसमोर उभी राहून आमचेच प्रवासी पळवणारी. नऊजणांच्या जागेत पंधरा माणसं कोंबायची आणि वर हात हलवून बोलवायचं, "चला मंचर, घोडेगाव, डिंभे! आदी बसा, मग बोला!" भाडं किती, सुटणार कधी, जागा कुठे आहे, काहीही विचारलं तरी उत्तर तेच. "आदी बसा, मग बोला." मी दोन-तीनदा त्यांना हुसकावलं. एकदा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची गाडी तिच्या टायमानं जानार. मान्साला त्याच्या टायमानं जायचं आसतं." त्या वाक्याचा राग माझ्या मनात पुढे कित्येक वर्षं टिकला.

गुडघे कुरकुरायला लागले तशी मी नोकरी सोडली आणि फंडाचा सगळा पैसा घालून धरणाच्या काठाला तीन खोल्या बांधल्या. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शहरातल्या माणसांना खेड्यात राहायचं आणि चुलीवरचं जेवायचं वेड नुकतंच लागलं होतं. आम्ही पाटी लावली, 'काठावरचं घर'. पावसाळ्यात धबधबे बघणारे आले, श्रावणात भीमाशंकरला जाणारे आले. सुनंदाच्या मासवडीचं नाव झालं. दिवाळीनंतर गर्दी ओसरली आणि फाल्गुनात तर पाणीच मागे हटायला लागलं. काठ आमच्यापासून लांब, आणखी लांब जात राहिला, मधे भेगाळलेला गाळ आणि दगडांचे ढीग. एक कुटुंब पुण्याहून आलं, ओसरीत उभं राहून बाईंनी विचारलं, "पण तळं कुठाय?" कोकम सरबत पिऊन ते तसेच परत गेले.

उन्हाळ्यात पाहुणे यावेत म्हणून मी काय नाही केलं? दर निम्मे केले. हायवेला पाटी रंगवून घेतली. पुण्यात ओळखीच्या दुकानांत पत्रकं ठेवली, अंगणात झोपाळा टांगला. झोपाळ्यावर मीच बसायचो. शेवटी आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, की हा एक उन्हाळा बघायचा. तो रिकामा गेला तर घर विकून जुन्नरला भाड्याच्या खोलीत जायचं. सुनंदानं मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. घासायला भांडी नव्हती.

आणि चैत्र सरता सरता एका दुपारी फाटकाशी जीप थांबली. गेनूभाऊ उतरले. मागून सात माणसं उतरली, सगळी साठीच्या पुढची, हातात कापडी पिशव्या, गाठोडी.

"दोन खोल्या द्या," गेनूभाऊ म्हणाले. "दर तुमी सांगाल त्यो."

"आणि तुमचं कमिशन?"

"मला नगं."

एवढं म्हणून ते पाण्याकडे पाठ करून दगडावर बसले. वडापवाला आणि कमिशन नको म्हणतो! मी सुनंदाला आत जाऊन सांगितलं, "यात काहीतरी काळंबेरं आहे." ती म्हणाली, "आधी पीठ किती लागेल ते सांगा."

ही माणसं पाहुण्यांसारखी वागतच नव्हती. झोपाळ्यावर कुणी बसलं नाही. फोटो नाही, धबधब्याची चौकशी नाही. सकाळी उजाडताच सगळे रांगेनं धरणाच्या पोटात उतरले. बरोबर नारळ, हळदकुंकू आणि एक लहान कुदळ. दुपारी परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. "कुठे गेला होतात?" मी विचारलं. "देवाला," एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी खाली बघितलं. जुनं तिकीट पुढे करणाऱ्याचा चेहरा मी ओळखतो. हा तोच होता.

दहा दिवसांनी दुसरी खेप, आणि नंतर तिसरी. माणसं वेगळी, पण वागणं तेच. नारळ, कुंकू, कुदळ. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुप्तधन! पाणी हटल्यावर कुठल्यातरी जुन्या जागेत हे हंडे उकरतायत आणि माझं घर म्हणजे त्यांचा अड्डा झालंय. उद्या पोलीस आले तर आधी मला धरतील. सुनंदा म्हणाली, "अहो, बायकांचे डोळे सुजलेले असतात परत येतात तेव्हा." मी म्हणालो, "हंडा सापडला नसेल." हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्या तिसऱ्या खेपेच्या दुपारी मी फाटकात आडवा उभा राहिलो. एका म्हातारीच्या हातात पिशवी होती, आणि ती जड होती हे तिच्या झुकलेल्या खांद्यावरून दिसत होतं.

"आजी, पिशवीत काय आहे?"

तिनं पिशवी छातीशी धरली. "काय न्हाई, दादा."

मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि उघडली. सव्वीस वर्षांची सवय. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं. मी ते सोडलं. आतून निघाला एक वरवंटा. चिखलानं भरलेला, साधा, काळ्या दगडाचा वरवंटा.

"सासूचा हाये," म्हातारी म्हणाली. "गाव उठलं तवा गाडीत जागा नव्हती. पाटा मोठा, त्यो ऱ्हायला, ह्योबी ऱ्हायला. आज घावला." आणि मग भीत भीत, "तुमचा हक्क लागत आसंल तर ठिवून घ्या."

गेनूभाऊ दगडावरून उठून आले. आवाज चढवला नाही. माझ्या हातातून वरवंटा घेतला, लुगड्यात गुंडाळला, म्हातारीच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "साहेब, तिकीट मागायचं आसतं. पिशवी नाय उघडायची." सगळ्यांना जीपमध्ये बसवून ते निघून गेले.

जाण्याआधी सुनंदानं म्हातारीला पाणी दिलं होतं, तेव्हा तिच्याकडून सगळं कळलं. मी ज्यांना दगडांचे ढीग समजत होतो ते त्यांचं गाव होतं. धरणात गेलेलं. माणसं खाली शिरूरकडे पांगली. दर वर्षी वैशाखाच्या सुमाराला पाणी हटलं की देवळाचा चौथरा आणि घरांची जोती उघडी पडत. गाळ उकरून ती बघायला, देवापुढे नारळ फोडायला ही माणसं यायची. एका दिवसात जाऊन येणं म्हाताऱ्यांना झेपत नव्हतं आणि काठाला मुक्काम करायला कुणाचं घर नव्हतं. मग गप्प का राहत होते? तर गेनूभाऊंनीच बजावलं होतं, "मालक सरकारी मानूस हाये. धरनात उतरू देनार न्हाई. लई बोलू नका." मी त्यांच्यावर संशय घेत होतो आणि ते माझ्यावर. फरक एवढाच, की त्यांनी माझी पिशवी उघडली नव्हती.

पंधरा दिवस जीप आली नाही. खोल्या रिकाम्या. घर विकायची बोलणी निघाली, पण मला विकण्याचं दुःख होतं त्याहून जास्त त्या वरवंट्याचं होतं. सोळाव्या दिवशी मी नारायणगावला गेलो. स्टँडसमोर जीप उभी होती. माझे जुने सहकारी पलीकडून बघत होते. मी जीपपाशी जाऊन म्हणालो, "गेनूभाऊ, माझं चुकलं—"

"आदी बसा, मग बोला."

मी पुढच्या सीटवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा वडापमध्ये बसलो. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "आमच्याकडं मान्सं हायेत, गावात घरं ऱ्हायली न्हाईत. तुमच्याकडं घर हाये, मान्सं न्हाईत. म्हनून आनत व्हतो. कमिशन कशाचं घेऊ? आपल्याच गावाला नेल्याचं?"

"आणि तुम्ही का उतरत नाही खाली? पाठ करून का बसता?"

त्यांनी फडक्यानं समोरची काच पुसली. मग म्हणाले, "आमची आळी लई खाली, नदीला लागून. ती कवाच उघडी पडली न्हाई. बाकीच्यांना त्यांचं जोतं दिसतंय, मला पानीच दिसतंय. ते काय बगायचं?" आणि थोड्या वेळानं, "दारात तीन पायऱ्या व्हत्या."

पुढच्या आठवड्यात जीप आली. त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा आमचा भरून गेला. सुनंदा बायकांची ओटी भरायची. मी कुदळी धुऊन ठेवायचो. पाहुण्यांना आम्ही पाव्हणं म्हणत नव्हतो, गावकरी म्हणत होतो. गेनूभाऊ फाटकाच्या आत येऊ लागले, चहाही घेऊ लागले, पण बसायचे पाण्याकडे पाठ करूनच.

मग एका वर्षी पाऊस फार कमी झाला. वैशाखात नदीचा जुना आकार दिसायला लागला आणि तिच्या कडेला कधी न दिसलेल्या घरांची एक ओळ वर आली. गेनूभाऊंना त्याच हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं होतं, डावी बाजू लुळी पडली होती. मी गुडघे सांभाळत एकटा खाली उतरलो. बाकीच्या दारांना गाळ चढला होता, एका दाराला तीन पायऱ्या दिसल्या. वर दगडी उंबरा, मधोमध तुटलेला. त्याचा हाताएवढा तुकडा मी पिशवीत घातला आणि वडापनं नारायणगावला निघालो. शेजारच्यानं विचारलं, "येवढं जड काय हाये पिशवीत?" मी म्हणालो, "दगड." त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

गेनूभाऊ खाटेवर होते. मी तुकडा त्यांच्या उजव्या हाताखाली ठेवला. त्यांनी तो हळूहळू चाचपला, एका अंगानं, मग दुसऱ्या. मग म्हणाले, "आमचा न्हाई ह्यो."

"तीन पायऱ्या होत्या की!"

"आळीत समद्यांच्याच दाराला तीन पायऱ्या व्हत्या, साहेब. पुराचं पानी आत येऊ नये म्हनून. आमच्या उंबऱ्याला खाच हाये. बाप कुऱ्हाड घासायचा तिथं." माझा चेहरा पडलेला बघून ते अर्ध्या तोंडानं हसले. "ऱ्हाऊ द्या. आळीतला तर हाये."

परतताना मला कळलं मी काय केलं ते. चार माणसं आणि एक खाट मिळवली असती तर त्यांना तिथवर उचलून नेता आलं असतं. ते आयुष्यभर माणसांना गावाकडे नेत राहिले आणि मी गावाचा दगड उचलून माणसाकडे घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी मी चौघांची जुळवाजुळव केली, पण तिसऱ्या दिवशी निरोप आला. ते गेले होते.

दहाव्याला त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, तो तुकडा माझ्या हातात परत दिला. "जाताना सांगून ग्येलेत, साहेबांच्या फाटकात ठिवा. ज्याचा आसंल त्यो वळकंल."

तो करंजाखाली आहे. दर उन्हाळ्यात त्या आळीतलं कुणी ना कुणी वडापमधून उतरतं, वाकून तो तुकडा उचलतं, त्याच्या कडेवरून बोटं फिरवतं, मान हलवून तो परत ठेवतं. अजून कुणाचाच निघाला नाही. मी फाटकात उभा असतो. त्यांच्या हातात पिशव्या असतात. आता मी एवढंच म्हणतो, "आधी बसा, मग बोला."