सव्वादोनाचं माप

नुसता पंजा दाबून मुबारकबी माप सांगायची. काष्टीच्या आठवडी बाजारात तीस वर्षं पोतं अंथरून बसणारी ही मण्यारीण. मांडीवर झोपलेल्या पोरीला बांगड्या भरल्या तरी पोर जागी होत नाही, असा तिचा हात. आठ वर्षांमागं तिच्या कानात नसलेली माणसं बोलायला लागली. मनोरुग्णालयाच्या गोळ्यांनी ती बरीचशी गप केली, त्याबद्दल ती आजही डॉक्टरांना दुवा देते.

तिचा राग नव्या गोळीवर होता. रुग्णालयात त्या गोळीवर संशोधन चाललं होतं, मुबारकबीनं राजीखुशीनं त्यात नाव घातलं. उरलेसुरले आवाज गेले, पण हात थरथरायला लागले. ऐन लगीनसराईत राहीबाईच्या लेकीला हिरवा चुडा भरताना तीन बांगड्या वाढवल्या, फुटकी काच लागून नवरीच्या मनगटातून रक्त आलं. राहीबाईनं लेकीला उठवलं आणि पलीकडच्या मण्याराच्या पालावर नेलं. तिच्या मागं चार गावच्या बाया गेल्या.

दर महिन्याला रुग्णालयात फॉर्म भरायचा. भरणारी डॉक्टर राजेश्वरी, मुबारकबीच्या लेकाच्या, तौफिकच्या वयाची. समोर मुबारकबी बसलेली, अन् ही विचारणार तौफिकला. झोपतात का, चिडतात का, हाताला कंप कितपत? तौफिक सांगायचा, "चहाचा कप धरती की." झालं, 'सौम्य'वर खूण. मुबारकबीनं मध्ये तोंड घातलं की उत्तर ठरलेलं: आवाज थांबले ना, मग मुख्य काम झालं, निकाल फार चांगले येताहेत.

तिच्या मस्तकात तिडीक जायची. कुणाचे निकाल? हात तिचा, धंदा तिचा, अन् मोजायला चहाचा कप.

चौथ्या महिन्यात 'सौम्य'वर पेन टेकायच्या आत तिनं पिशवीतून काचेच्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, हात द्या."

तौफिक कानकोंडा झाला. "अम्मी, हितं नको."

"तू गप. चार महिनं तूच बोलतोयस."

तिनं डॉक्टरचा पंजा दाबला. माप सव्वादोन. अंगठा आत मुडपला, हाडं सैल केली; हे तिच्या बोटांना अजून येत होतं. दोन बांगड्या कशाबशा चढल्या. तिसरी बोटांच्या पेरांवर थडथडली आणि कटकन तुटली. डॉक्टरच्या हातावर लाल रेघ उमटली.

मुबारकबीनं माफी मागितली नाही.

"हे सौम्य हाय का, मॅडम? असंल तर लिव्हा."

डॉक्टरनं हात मागं घेतला खरा, पण पेन उचललं नाही.  मोठ्या सरांना फोन लावला, मग फॉर्मवरचं 'सौम्य' खोडलं. गोळी आजपासून कमी करायची, दर आठवड्याला येऊन दाखवायचं आणि आवाज परत आले तर त्याच दिवशी निघून यायचं, असं ठरलं. हे तिनं तौफिकला नव्हे, मुबारकबीला सांगितलं.

फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून कागद उलटा करून लिहिलं, वाचून दाखवलं: "रुग्ण बाजारात बांगड्या विकते. हातांच्या कंपामुळे..."

फरशीवरची काच वेचता वेचता मुबारकबीनं तिला थांबवलं.

"विकायला काय, तौफिकबी विकंल. भरते म्हणून लिव्हा."

डॉक्टरनं 'विकते' खोडलं. तिच्या हातातल्या दोन बांगड्या तशाच होत्या. मुबारकबीनं त्या परत मागितल्या नाहीत.