माझ्या पुस्तकाचे दुसरे लेखक

एका वेबसाइटने मला फसवलं आणि माझं अर्धं पुस्तक माझ्या वडिलांना देऊन टाकलं. वडिलांनी ते ठेवून घेतलं.

पुस्तक घासाघिशीवर आहे. सिडनीजवळ वेंटवर्थव्हिलला किराण्याचं दुकान टाकण्याआधी सांगलीच्या बाजारात मी जे शिकलो, ते सगळं त्यात आहे. मी लिहायला बसलो की वडील म्हणायचे, "कागद काळे करण्यापेक्षा गोण्या मोज."

लॉकडाउनमध्ये पिठाची ओढाताण सुरू झाली तेव्हा युनित, म्हणजे इथल्या विद्यापीठात, शिकवणाऱ्या एका पुण्याच्या बाईंचा फोन आला. "दादा, माझ्या रिसर्च पेपरमध्ये तुमच्या पुस्तकाचा संदर्भ देते. पण पीठ घरपोच हवं."

"पूर्ण नावानिशी दिलात तर लॉकडाउन उठेपर्यंत पीठ तुमच्या दारात," मी म्हणालो. सौदा ठरला.

संदर्भ बाईंनी हाताने लिहिला नाही. पुस्तकाची माहिती भरली की लेखक, साल, प्रकाशक सगळं युनिला लागतं तसं मांडून देणारी एक वेबसाइट असते. मुखपृष्ठावर माझं नाव आपल्या रीतीने आहे: आधी मी, मग वडील, शेवटी आडनाव. वेबसाइटला ती दोन माणसं वाटली. पेपर छापून आला तो माझ्या पुस्तकाला दोन लेखक देऊन. एक मी, दुसरे वडील. आणि मी लिंक न बघताच घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो!

बाईंना फोन लावला. "निम्मा संदर्भ मिळाला, आता पीठ निम्मं. उरलेलं दुसऱ्या लेखकाकडून घ्या."

"अहो दादा, ते सांगलीत आहेत!"

"मग बॉर्डर उघडेपर्यंत थांबा."

घाबरून बाईंनी वेबसाइटला लिहिलं. उत्तर आलं: नो वरीज, फक्त सर्व लेखकांची संमती पाठवा.

तोवर सांगलीच्या वाचनालयाने वडिलांचा झूमवर सत्कार ठेवला होता. फेटा बांधून वडील सांगत होते, "मुलाला मदतीला घेतलं. हस्ताक्षर बरं आहे त्याचं." मी ओरडत होतो, पण मला म्यूट केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. "बाबा, तुम्ही लेखक नाही एवढं लिहून द्या."

"सत्कार झाल्यावर? वाचनालयात तोंड कसं दाखवू?"

"पुस्तक वाचलंयत तरी का?"

"लेखकाला कशाला वाचावं लागतं?"

मी भाव वाढवला. "पुढची आवृत्ती तुम्हाला अर्पण करतो."

"अर्पण मेलेल्यांना करतात. माझं नाव पहिलं टाक, मग संमतीचं बघू. बापाचं नाव दुसरं कसं, असं लोक विचारतायत." त्यांनी फोन ठेवला. आयुष्यभर गिऱ्हाइकं वळवली मी, आणि हा माणूस मला घासाघीस शिकवतोय!

वेबसाइट म्हणते वडिलांना विचारा. बाई म्हणतात वेबसाइटला विचारा, आणि पीठ कधी येतंय? वडील म्हणतात, जन्म कुणी दिला ते आईला विचार.

पुस्तकातली प्रत्येक ओळ मी लिहिली आहे. ज्याने एकही लिहिली नाही, त्याची संमती मी का मागायची? तिघांपैकी कुणीही सांगा. पण तोंडी नको, लेखी द्या, आणि खाली एकट्याची सही करा.