गुरुशांतप्पांची चुन्याची डबी

आमच्या नौबादेत गुरुशांतप्पांना मान वर करून चालताना कुणी पाहिलेलं नाही. म्हणून कुणी त्यांना नम्र समजेल, तर तसं नव्हे; तो कामाचा परिणाम. बीदरच्या हवाई तळावर रोज सकाळी सोळा माणसं एका ओळीत धावपट्टीवरून चालत, खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचत. त्या सोळांचे हे मुकादम. जेटचं इंजिन वाटेत येईल ते गिळतं आणि मग त्याचं पोट फाटतं, असं ते सांगत. थोरल्या लेकीच्या लग्नात मांडवातले खडे वेचता वेचता ते थेट विहिणीच्या पायांपर्यंत पोचले. विहीणबाई गहिवरल्या. काय हा नम्र व्याही!

कामावर शिस्त कडक. सगळ्यांचे खिसे शिवून टाकलेले, तंबाखू बंद. ओळीतल्या व्यंकटच्या मोज्यात एकदा पुडी सापडली, तर मुकादमांनी त्याला पंधरा दिवस घरी बसवलं.

"अप्पा, पुडी हाय वं, बॉम न्हाई," व्यंकट म्हणाला.

"इमानाला दोनी सारखंच!"

आता खरं सांगायचं तर अप्पांच्या स्वतःच्या टोपीच्या घडीत चुन्याची डबी असे. मुकादमाच्या टोपीची झडती कोण घेणार?

एकोणऐंशी साली तळावर 'अजित' यायचं ठरलं. बंगळूरला बनलेलं चिमुकलं लढाऊ विमान. त्याचा थोरला भाऊ नॅट. तो पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढायांत झुंजलेला. पण नॅटच्या पंखांखाली जादा तेलाच्या टाक्या टांगल्या की बॉम्बला जागा राहत नसे. अजितचं तेल पंखांच्या आतच भरलं. त्यामुळे हे आता झुंजणार आणि बॉम्बही टाकणार.

"एवढुसं इमान लढाईला कामून?" लिंगम्मांनी नवऱ्याला, म्हणजे अप्पांना, विचारलं.

"मिरची कधी भोपळ्याएवढी असती का गं?"

अजित यायच्या सकाळी पट्टी दोनदा वेचून झाली. नौबादची माणसं माळवदांवर चढून बसली. अप्पांनी समाधानानं टोपी चाचपली. घडी रिकामी! तेवढ्यात आभाळात घरघर ऐकू आली.

बोलावं, तर मुकादमकी गेली. न बोलावं, तर वर विमानातल्या पोराचा जीव. अप्पांचे पाय तळावरच्या साहेबाकडे धावले. जीभ मात्र मागं राहिली.

"साब, पट्टीपर चुने की डिब्बी गिरी... किसी की."

ते 'किसी की' ऐकून सगळ्यांनी व्यंकटकडे पाहिलं. अप्पांनीसुद्धा. व्यंकट वाकून डबी शोधू लागला.

विमान वर घिरट्या घालू लागलं. "छोटा जहाज है, तेल कम है, जल्दी करो!" साहेब ओरडत होता. सोळा माणसं पट्टीवर जवळजवळ रांगत होती. डबी अखेर व्यंकटलाच सापडली. अजित उतरलं, टाळ्या झाल्या.

मग साहेबानं डबी उलटीसुलटी करून पाहिली. झाकणावर लिंगम्मांनी भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलेलं होतं, कन्नड अक्षरांत. साहेब दिल्लीकडचा.

"क्या लिखा है?" त्यानं व्यंकटला विचारलं.

कन्नड सोळाही जणांना येत होतं. व्यंकटनं खाली पट्टीकडे पाहिलं, जणू खडा शोधतोय. पंधराच्या पंधरा माना खाली गेल्या. डबी ओळीतून एकेकाच्या पुढून सरकत आली, आणि कुणालाच वाचता येईना.

ती अप्पांपुढे आली. शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत त्यांनी स्वतःचं नाव वाचून दाखवलं.

मुकादमकी गेलीच. दुसऱ्या दिवसापासून ते ओळीत चालू लागले, आणि मुकादम झाला व्यंकट. तो त्यांना अजूनही "अप्पा, चला" असंच म्हणे. तेच अप्पांना सोसत नसे. "एक डाव शिवी तरी दे रे," ते एकदा त्याला म्हणाले. व्यंकट नुसता हसला.

अजित कसं दिसत होतं, असं मी विचारलं, तर अप्पा म्हणतात, "मला चाकंच दिसली बघा."