वळूतला दोष

परवा पोट बिघडलं म्हणून घेतलेली गोळी जिभेवर जरा विरघळली आणि गंजक्या पत्र्यासारखी तीच जुनी कडू चव तोंडभर पसरली. तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं, अंगावरून हिरवट, फेसाळ पाणी जायचं, खाजेनं बसवत नव्हतं, आणि सासूबाई उष्णता म्हणून सब्जा पाजत होत्या. शेवटी कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी जंतू असल्याचं सांगून दोघांसाठी याच कडू गोळ्या दिल्या. नवऱ्यानं घेतल्या नाहीत तर रोग पुन्हा तुला लागेल, दिवस जायला अडचण येईल, असं बजावलं. नवरा म्हणाला, "मला काय झालंय? बायकांचं औषध मी खाऊ व्हय?" माझ्या गोळ्या संपल्या, महिन्याभरात खाज परतली. त्याच सुमारास वळू दाखवूनही आमची गाय तिसऱ्यांदा उलटली, गाभण राहिलीच नाही. गोठ्यात ओल्या वैरणीचा वास कोंडला होता, मी शेण भरत होते. जनावरांचे डॉक्टर गाय तपासून म्हणाले, "गाईचा दोष न्हाय. वळू वरनं धडधाकट दिसतोय, पर रोग त्योच देतोय." नवऱ्याला ते लगेच पटलं. तिथूनच त्यानं वळूवाल्याला फोन लावला, "तुझा वळू परत आमच्या दारात आणू नगंस!" पाटी हातात धरून मी त्याच्याकडे बघत राहिले. "काय बघतीस? धार काढायची हाय की," तो खेकसला, आणि मी धार काढायला बसले. त्या गाईला पुढं तीन वासरं झाली. मूल का नाही, हे लोक अजून मलाच विचारतात, आणि त्याच्या गोळ्या आरशामागं न फोडलेल्या तशाच आहेत.