पाच नंबरवरची चिंधी

"मास्तर, तमे जराय चिंता नीं करता," ठाकोरशेठ म्हणाले. "तमारा वगर बधुं मजानुं चाले छे."

शेठ माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. माझा डावा पाय प्लास्टरमध्ये, दोन उशांवर. शेठनी येताना पोंक आणला होता. पोंक म्हणजे आपला हुरडा, सुरतेत तो शेव घालून खातात. शेठ तो स्वतःच मन लावून खात होते आणि इकडे माझा चेहरा उतरत चालला होता. तुमच्यावाचून सगळं मजेत चाललंय, असं सांगितलं की आजारी माणसाला धीर येतो, असा त्यांचा समज होता. माणूस मनाने चांगला, म्हणूनच ते जास्त लागलं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. मी मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत कतारगामला ठाकोरशेठचं चोवीस लूमचं शेड होतं, तिथे मी जॉबर होतो. जॉबरला शेडमध्ये सगळे मास्तर म्हणतात. लूमवर कापड काढतो तो कारीगर. लूम अडला, आडवा धागा नेणारा धोटा उडाला, कापडात डाग पडायला लागले, की धावत जाऊन ते ठीक करतो तो जॉबर. शेडमधल्या डॉक्टरासारखाच म्हणा, फक्त पेशंट लोखंडाचे आणि सगळे एकदम बोंबलणारे.

चोवीस लूम चालू असले की शेडमध्ये शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. लूम बिघडला की कारीगर तो बंद करायचा आणि वरच्या दांडीला एक चिंधी बांधायचा. जॉबरने शेडभर नजर फिरवायची आणि चिंधी दिसेल तिकडे जायचं. पद्धतीचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. चिंधी नाही, त्या लूमला हात लावायचा नाही. चालत्या मशीनमध्ये उगाच बोटं घालणारा जॉबर फार दिवस दहा बोटांचा राहत नाही.

हा नियम मी बारा वर्षं पाळला. पट्टे, दांडे, चाकं यांच्यामध्ये वावरलो आणि अंगावर साधा ओरखडा नाही. पाय मोडला तो उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला. त्या दिवशी सगळी सुरत छपरावर असते. मी पतंगसुद्धा उडवत नव्हतो. साडूच्या हातात दोरी, माझ्या हातात फिरकी. "ढील द्या, ढील द्या" असं शिकवत शिकवत मी मागे सरकत होतो. गच्ची कधी संपली ते कळलं नाही. खालच्या पत्र्यावर आपटलो आणि नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. शेठनी माझ्या जागेवर रामसुमेर नावाचा बदली जॉबर आणला. साडूचा पतंग मात्र संध्याकाळपर्यंत टिकला, हे तो आजही सांगतो.

पहिला आठवडा माझा उत्साहात गेला. म्हणजे माझा उत्साह, बायकोचा वनवास. आमची एकच खोली. खाटेवरून स्टोव्ह, मोरी, दार, सगळं दिसायचं. जॉबरची नजर कुठे गप्प बसते? सुमन पोळ्या लाटायची तेव्हा मला दिसायचं की पोळी तव्यावर फुगते तोवर हिची पुढची लाटून तयार नसते. तवा रिकामा तापतो. टाइमिंग चुकतंय. मी तिला सांगितलं. आणि बारा वर्षं लूममध्ये काढलेला माणूस हळू सांगत नाही, त्यामुळे ते अख्ख्या चाळीला कळलं.

पाचव्या दिवशी मी घरातल्या सगळ्या वस्तूंना नंबर दिले. लूमला देतात तसे, लाल ऑइलपेंटने. डबे, दिवा, दार, कपाट. प्रायमस स्टोव्ह पाच नंबर. सासूबाईंनी दिलेला पितळी डबा अकरा नंबर. मी बसूनच सरकत सरकत हे केलं आणि सुमन पाणी भरून आली तेव्हा मी ब्रश पुसत होतो. तिने हंडा खाली ठेवला. अकरा नंबरकडे बराच वेळ बघितलं.

आम्ही बाहेर मराठी बोलायचो, पण राग आला की ती सरळ अहिराणीवर यायची.

"तुमले काम नही," ती म्हणाली, "पन माले शे."

तुम्हाला काम नाही, पण मला आहे. यात खोटं काय होतं? मी रंगाचा डबा बंद केला. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी शेठ पोंक घेऊन आले आणि तिकडेही माझ्यावाचून मजेत चाललंय हे सांगून गेले.

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आधी वाटलं, एक दिवस पडू. मग दुसराही तसाच गेला. दाढी करावीशी वाटेना. भूक लागेना. चाळीत खिडकीवाटे कुठल्या तरी शेडचा आवाज यायचा. एरवी मी तो ऐकून कोणाच्या लूमचं काय दुखतंय ते सांगितलं असतं. आता तो आवाज आला की मी उशी कानावर घ्यायचो. मला एकच भीती होती. सहा आठवड्यांनी मी लंगडत शेडमध्ये जाईन आणि तिथे कोणालाही माझी गरज नसेल. घरात तर नव्हतीच. सुमन दिवसातून दोनदा विचारायची, काय होतंय. काही नाही म्हणायचो. ती घाबरली होती, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने मला खांद्याला धरून हलवलं.

"पाच नंबर बंद शे, मास्तर."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिने मला मास्तर म्हटल्याचं पहिल्यांदा ऐकलं. मी वळून बघितलं. स्टोव्हच्या टाकीवर पाच आकडा, आणि पंपाच्या दांड्याला जुन्या पातळाची चिंधी बांधलेली.

मी उठून बसलो. खरं सांगतो, विचार करून नाही बसलो. बारा वर्षांची सवय, चिंधी दिसली की अंग हलतं. स्टोव्ह मांडीवर घेतला. पंपाच्या आतला चामड्याचा वॉशर वाळला होता. तेल लावून, चोळून, मऊ करून बसवला. पंप मारला, स्टोव्ह भडभडून पेटला. सुमनने चिंधी सोडून कमरेला खोचली आणि मला आमचाच नियम ऐकवला.

"जठे चिंधी नही, तठे हात लावाना नही."

मग हे रोजचं झालं. सकाळी आठला मी दाढी करून, शर्ट घालून खाटेवर तयार. खोलीत एक फेरी नजरेने मारायची. एके दिवशी दिव्यावर चिंधी, एके दिवशी दाराच्या कडीवर. शेजारच्या कांताबेननी शिवणाचं मशीन आणून ठेवलं, वर व्यवस्थित चिंधी बांधून. त्यांना पद्धत सुमननेच समजावली होती. दुपारी बाराला जेवणाची सुट्टी. सहाला पाळी संपली. पोळ्यांच्या टाइमिंगबद्दल मी एक अक्षर काढलं नाही, कारण तव्यावर चिंधी नव्हती. एका सकाळी घरभर बघितलं, चिंधी कुठेच दिसेना. शेवटी ती माझ्याच प्लास्टरबाहेर आलेल्या अंगठ्याला सापडली. शेजारी गरम पाण्याची बादली आणि साबण. मी चार दिवस अंग पुसलं नव्हतं.

चौथा आठवडा संपता संपता मला शंका आली. स्टोव्ह तिसऱ्यांदा माझ्याकडे आला होता. वॉशर पंपात उलटा बसलेला. आता वॉशर वाळतो, झिजतो, फाटतो. पण पंपात राहून आपणहून उलटा होणारा वॉशर मी आजवर पाहिलेला नाही. मग मी त्याच दिवशी चिंधी बांधून आलेल्या किटलीच्या कानाचा स्क्रू बघितला. त्याच्या खाचेत ताजा ओरखडा होता. स्क्रूड्रायव्हरचा नाही, सुरीच्या टोकाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. सुमनने माझ्याकडे दोनदा बघून खात्री केली. मग पाठमोरी बसली आणि सुरीने कंदिलाची वात वर-खाली करायची चावी सैल करायला लागली. चावी ऐकत नव्हती. तिने दोन्ही पायांच्या तळव्यांत कंदील घट्ट धरला आणि जोर लावला. सुटली. मग तिने कमरेची चिंधी काढली, कंदिलाला बांधली, जरा लांब जाऊन दिसते का ते बघितलं आणि निवांतपणे तांदूळ निवडायला बसली.

आधी राग आला. मला काय खुळा समजते? मग आठवलं की याच बाईला दिवसातून तीनदा त्याच स्टोव्हवर स्वयंपाक करायचा असतो. स्वतःचं काम अडवून ती मला काम काढून देत होती. मी तसाच डोळे मिटून पडलो. चार वाजता उठलो, कंदील पाहिला, फार मोठा बिघाड आहे म्हणालो आणि अर्धा तास लावला.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन मी शेडमध्ये गेलो. रामसुमेरने लूम सुरेख ठेवले होते, आता नाही कसं म्हणू? नऊ वाजले, दहा वाजले. चोवीस लूम खडाखडा चाललेले आणि दांडीला एकही चिंधी नाही. शेठ दारात उभे राहून कधी माझ्याकडे, कधी रामसुमेरकडे बघत होते. दोन जॉबर आणि काम एकालाही नाही, हे शेठला दिसायला वेळ लागणार नव्हता. मी काठीवर भार देऊन उभा राहिलो.

साडेदहाला सतरा नंबर बंद पडला. वर चिंधी चढली. सतरा नंबर आमच्याच चाळीतल्या दगडूचा. मी रामसुमेरच्या आधी पोचलो, लंगडत. वाकून बघितलं. धोट्याला फटका देणाऱ्या दांड्याचा बोल्ट पार सैल होता. असा बोल्ट हादऱ्याने सैल होतो तेव्हा हळूहळू होतो. याच्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. मी दगडूकडे बघितलं. दगडू छपराचे पत्रे मोजत होता. तेव्हा आठवलं, दगडूची बायको आणि सुमन एकाच नळावर पाणी भरतात.

दोन मिनिटांचं काम मी वीस मिनिटं केलं. लूम सुरू झाला. शेठनी खूण करून मला बाहेर बोलावलं.

"दोढ महिनो कंई नीं बगड्युं," ते म्हणाले. "आजे बगड्युं, ने आजेज तमे हाजर. नसीब सारुं मास्तर!"

दीड महिना काही बिघडलं नाही, आज बिघडलं आणि आजच तुम्ही हजर, याला शेठ नशीब म्हणत होते. त्यांनी रामसुमेरला दुसऱ्या पाळीला ठेवलं आणि माझी जागा मला मिळाली. पुढे मी तिथे आणखी चोवीस वर्षं काढली. घरी जाऊन सुमनला सगळं सांगितलं. "हां का?" म्हणून ती भाकरी थापत राहिली.

आता रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. मी पुन्हा घरीच असतो, दिवसभर. लोक विचारतात, वेळ कसा जातो, मन कसं रमवता? मला एवढंच कळलंय की घरात बसलेल्या माणसाला सल्ले देऊ नयेत, धीर तर अजिबात देऊ नये. त्याच्यासमोर एखादी बिघडलेली वस्तू ठेवावी आणि आपण तांदूळ निवडायला बसावं.

आज सकाळी मिक्सरला चिंधी आहे. स्क्रूवर सुरीचा ओरखडा आहे. बिघाड मोठा दिसतोय, दुपारपर्यंत तरी चालेल.