रजिस्टरात लिहिलेला ताप

डॉक्टरसाबांच्या दवाखान्यात मी सात वर्षं नर्स होते. आदिलाबादेत, मावला गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टरसाब महाराष्ट्राच्या सीमेवरच्या एका खेड्यातले, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातले. इंद्रवेल्लीत पोलिसांनी गोंडांच्या सभेवर गोळीबार केल्यापासून त्या बाजूची गोंड माणसं सरकारी दवाखान्यात यायला भीत. म्हणून दर रविवारी आम्ही पहिल्या बसनं तिकडं जायचो आणि पुढं चिखलातून चपला हातात घेऊन चालायचो. रोग्याजवळ बसले की डॉक्टरसाबांना घाई नसे. आधी घरात पाणी कुठून आणता ते विचारत, मग जीभ बघत.

त्या गावांनीच त्यांना आमदार केलं. दवाखान्यात बसून मी किती माणसं तपासणार, एका सहीनं पन्नास गावांना नर्स देता येते, असं त्यांनी मला समजावलं होतं, आणि मला ते पटलं होतं. ते खोटंही नव्हतं. जंगलपट्ट्यात आरोग्य केंद्रांच्या इमारती उठल्या. आरोग्याच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं, बदल्या त्यांच्या शब्दावर होऊ लागल्या. दवाखाना मात्र बंद पडला. मला त्यांनी एका नव्या केंद्रावर सरकारी नोकरी लावून दिली.

त्या केंद्राला डॉक्टर होता, पण कागदावर. डॉक्टरसाबांच्याच पक्षातल्या कुणाचा तरी जावई. आदिलाबादेत राहायचा, पंधरा दिवसांनी येऊन सह्या करायचा. मी दोनदा डॉक्टरसाबांच्या कानावर घातलं. ते बघतो म्हणाले.

नव्वदनंतरच्या एका पावसाळ्यात केंद्राजवळच्या गुड्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. गुडा म्हणजे गोंडांची वस्ती. सगळे ओढ्याचं पाणी पीत. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, हातपाय गार. हा कॉलरा आहे हे कळायला मला डॉक्टर नको होता. एका बाईनं दोन मुलींना एकाच बाजेवर घालून आणलं. शेवटची सलाइन मी धाकटीला लावली. दुपारपर्यंत ती गेली. थोरलीला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा असं आईला सांगून मी आदिलाबादची बस पकडली.

डॉक्टरसाबांच्या अंगणात अर्ज घेऊन आलेली माणसं बसली होती. मला बघून त्यांनी लगेच आत बोलावलं. लघवी होऊन किती वेळ झाला, डोळे खोल गेलेत का, पाणी विहिरीचं की ओढ्याचं, सगळं नीट विचारलं. तेवढा वेळ मला वाटलं, आपण जुन्या दवाखान्यातच बसलो आहोत. मग ते उठून खिडकीपाशी गेले.

"सिस्टर, कॉलरा लिहू नका. ताप लिहा."

मी म्हणाले की ताप लिहिला तर पथक येणार नाही, पाण्यात कुणी औषध टाकणार नाही.

"असेंब्ली चालू आहे, मी सुटीपुरता आलो इकडं," ते म्हणाले. "माझ्या भागात कॉलरा निघाला म्हणून उद्या पेपरात आलं, तर समिती माझ्या हातात राहत नाही. मग तुमच्या सेंटरला कोण इचारते? सलाइन मी आत्ताच देतो."

ते मला फसवत नव्हते. त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. मी वाद घातला नाही. सलाइनचे खोके घेऊन त्यांच्याच जीपनं परत आले आणि रजिस्टरात माझ्या अक्षरात ताप लिहिला. सलाइननं काही माणसं वाचली. पण खोके चार दिवसांत संपले. पथक आलं नाही, लोक ओढ्याचंच पाणी पीत राहिले. सहाव्या दिवशी थोरली मुलगीही गेली. तिच्या नावापुढंही मी ताप लिहिला.

पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. कॉलऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पक्षातल्या दुसऱ्या कुणाचं वजन वाढलं एवढंच. त्यांनी जुना दवाखाना परत उघडला आणि मला बोलावणं धाडलं. मी गेले. ते थकलेले दिसले. म्हणाले, नोकरी सोडा, इथं या, पहिल्यासारखं काम करू.

मी नाही म्हणाले.

"काऊन?"

"त्या दोन मुलींची आई माझ्याकडं गोळ्या न्यायला येते. मागच्या वेळी विचारत होती, बाई, असा कसा ताप? पोरींचं अंग तर थंड होतं."

त्यांनी खाली बघितलं. विचारलं, "तुमी काय सांगितलं?"

"अजून काही सांगितलं नाही."

मी दुपारच्या बसनं परत आले.

पुढच्या आठवड्यात ती आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कॉलरा म्हणजे काय, मी काय लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरसाबाला ठाव होतं?"

मी हो म्हणाले. गोळ्या तिथंच टेबलावर ठेवून ती उठली. त्यानंतर मी त्या केंद्रावर पाच वर्षं होते. ती पुन्हा आली नाही.